ज्ञानाच्या वाडीचे कुंपण

‘पेटंट’ हा शब्द मराठीने फार मोकळ्या मनाने आपलासा केला आहे. कुणा काकांचा ठरलेला विनोद हा त्यांचा ‘पेटंट’ विनोद असतो, आजीच्या हातचे लोणचे हा तिचा ‘पेटंट’ पदार्थ असतो. या वापरात कौतुक असते आणि थोडी मालकीही असते. ही गोष्ट अमक्याची, तिच्यावर त्याचा ठसा आहे, दुसऱ्या कुणी ती आपली म्हणून सांगू नये, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या मराठीत मात्र या शब्दाला ‘एकस्व’ असा भारदस्त प्रतिशब्द आहे. एखाद्या संशोधकाने लावलेला नवा शोध ठरावीक वर्षांपर्यंत त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कुणालाही तयार करता, वापरता किंवा विकता येणार नाही, असा हक्क सरकार त्याला देते, ते हे एकस्व.

१९९१ च्या डिसेंबरात डंकेल मसुदा जाहीर झाला आणि वकिलांच्या दप्तरातला हा शब्द एकाएकी गावच्या पारावर आला. बियाण्यांचे काय होणार, औषधांचे काय होणार, यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारत तिचा सभासद झाला. त्या गदारोळाला आता तीन दशके उलटून गेली. गदारोळ शमला, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न शमलेला नाही. ज्ञानाला कुंपण घातल्याने नवे ज्ञान वाढते की खुंटते? आणि वाढत असले तरी त्या वाढीची किंमत कोणी मोजावी?

धर्मगुरूने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आजाऱ्याच्या उशाशी असलेल्या औषधांच्या चिठ्ठीत आहे. रुग्णाभ्यंगासाठी घरी गेल्यावर अनेकदा असे दिसते की कुटुंबाचे दुःख दुहेरी आहे. माणूस हातचा जात आहे हे एक, आणि त्याला वाचवू शकणारे औषध जगात आहे, पण ते आपल्या आवाक्यात नाही, हे दुसरे. वाडीचा तुकडा विकावा का, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने मोडावे का, हे प्रश्न त्या घरात दबक्या आवाजात चर्चिले जातात. ज्या कायद्यामुळे औषधाची किंमत ठरते, तो कायदा नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असू शकत नाही. सातव्या आज्ञेचा विचार केवळ कोंबडी चोरणाऱ्यापुरता मर्यादित नाही.

बंद पेटी आणि उघडे पत्र

प्रथम पेटंटची बाजू समजून घेऊ. ‘पेटंट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजा काही पत्रे मोहोरबंद न करता सर्वांना वाचता यावीत म्हणून उघडीच देत असे, ती ‘उघडी पत्रे’. आज ज्याला आपण बंदिस्त हक्क समजतो त्याच्या नावातच उघडेपणा आहे, हा योगायोग नव्हे. १४७४ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आणि १६२४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने जे कायदे केले, त्यांतून हळूहळू एक करार आकाराला आला. संशोधकाने आपली युक्ती समाजापुढे लेखी उघड करावी, मोबदल्यात समाजाने त्याला काही वर्षे एकाधिकार द्यावा आणि मुदत संपली की ती युक्ती सर्वांची व्हावी. इंग्लंडच्या कायद्यात ही मुदत चौदा वर्षांची होती. आज ती बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे.

हा करार नसेल तर काय होते, याचे एक उदाहरण प्रत्येक आईने ऐकण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समधील धार्मिक छळामुळे चेंबरलेन नावाचे एक कुटुंब इंग्लंडमध्ये आश्रयाला आले. या घराण्यातील वैद्यांनी अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा तयार केला. बाळ आणि आई दोघेही दगावणार अशा वेळी तो उपयोगी पडे. पण हे साधन काय आहे ते त्यांनी कुणालाही कळू दिले नाही. ते पेटीत घालून आणले जाई आणि त्याचा वापर इतरांच्या दृष्टीआड होई. पिढ्यामागून पिढ्या, शंभराहून अधिक वर्षे, हे रहस्य एका घराण्यात राहिले. १८१३ साली त्यांच्या जुन्या घरातील फरशीखालच्या चोरकप्प्यात ती साधने सापडली. त्या शतकात युरोपातील किती माता प्रसूतीत मरण पावल्या असतील याचा हिशेब देव जाणे. त्यांना वाचवणारी गोष्ट अस्तित्वात होती. ती एका पेटीत बंद होती.

आपल्याकडेही हा स्वभाव अपरिचित नाही. औषध सांगितले की त्याचा गुण जातो, अशी समजूत गावोगाव आहे. काविळीवर, सर्पदंशावर, हाड मोडण्यावर औषध देणारे अनेक जण आपली विद्या बरोबर घेऊनच मातीआड गेले. त्या विद्येत कितपत तथ्य होते हे तपासण्याची संधीही मग राहिली नाही. लपवलेल्या ज्ञानाची पारख होत नाही आणि त्यात भरही पडत नाही. मालकाने सोपवलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला प्रभू येशूने आळशी म्हटले, त्यामागे हेही एक सत्य आहे.

तेव्हा पेटंट हे गुप्ततेवरचे एक औषध आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय श्रमिकाला त्याची मजुरी मिळावी हा न्याय बुद्धीच्या श्रमालाही लागू आहे. नवे औषध शोधण्यासाठी अनेक वर्षे आणि अफाट पैसा लागतो. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी सुमारे नऊ बाजारात येऊ शकत नाहीत. जे एक यशस्वी होते त्याची नक्कल मात्र एखादा कुशल रसायनशास्त्रज्ञ थोड्या काळात करू शकतो. पेरणाऱ्याने घाम गाळावा आणि कापणी भलत्यानेच न्यावी, असे होत राहिले तर पेरणारा पुढच्या वर्षी शेतावर जाणार नाही.

दोन औषधांची कथा

मग ज्याने आपला शोध विनामूल्य देऊन टाकला तो मूर्ख की संत? येथे दोन औषधांचा इतिहास उद्बोधक आहे.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात इन्शुलिनचा शोध लागला. मधुमेहाने खंगून मरणाऱ्या मुलांना त्याने अक्षरशः जीवदान दिले. शोध लावणाऱ्यांपैकी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये त्यावरील पेटंटचे हक्क प्रत्येकी केवळ एक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकले. या त्यागाची कथा आपण ऐकलेली असते. परंतु त्यातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. त्यांनी पेटंट घेतलेच नाही असे नव्हे. त्यांनी ते घेतले आणि मग सोडले. दुसऱ्या कुणी हा शोध बळकावू नये आणि निकृष्ट माल विकला जाऊ नये, म्हणून हक्क एका सार्वजनिक संस्थेच्या हाती ठेवण्यात आला. कुंपण घातले गेले, पण ते राखण करण्यासाठी.

दुसरी कथा पेनिसिलिनची. ऑक्सफर्ड येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे औषधात रूपांतर केले. पेटंट घ्यावे असा चेन यांचा आग्रह होता. परंतु रुग्णांच्या जीवनाशी निगडित शोधावर हक्क सांगणे हे वैद्यकाच्या नीतीला शोभत नाही, असे मत त्या वेळच्या ब्रिटिश वैज्ञानिक धुरीणांनी दिले. हेतू उदात्त होता. पुढे मात्र मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याच्या पद्धतीवरील पेटंटे अमेरिकेतून घेतली गेली.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे कळते की केवळ सद्भावना पुरेशी नसते. पेटंट म्हणजे पाप नव्हे आणि पेटंट न घेणे म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. ते एक हत्यार आहे. कोयत्याने नारळ सोलता येतो आणि माणूसही मारता येतो. प्रश्न आहे तो हातात धरणाऱ्याचा, आणि त्याहून अधिक, समाजाने त्या हत्याराला घालून दिलेल्या मर्यादांचा.

कुंपण वाट अडवते तेव्हा

आमच्या वसई-विरारच्या पट्ट्यात वाडीला कुंपण असतेच. गुरे शिरू नयेत, केळीचे घड चोरीला जाऊ नयेत म्हणून ते लागते, आणि त्याबद्दल कुणी शेजाऱ्याला दोष देत नाही. पण कुंपण सरकवत सरकवत कुणी विहिरीची पायवाट अडवली तर अख्खा गाव उठतो. आपली तक्रार कुंपणाबद्दल नसते, ते वाटेवर आले याबद्दल असते. पेटंटचेही असेच आहे.

पहिली अडचण अशी की शोध कधीच एकट्याचा नसतो. प्रत्येक संशोधक मागच्याच्या खांद्यावर उभा असतो. जेम्स वॅट याने वाफेच्या यंत्रात केलेल्या सुधारणेवर १७६९ साली पेटंट घेतले आणि १७७५ मध्ये पार्लमेंटकडून त्याची मुदत थेट १८०० सालापर्यंत वाढवून घेतली. या काळात हॉर्नब्लोअरसारख्या ज्या अभियंत्यांनी आणखी सुधारलेली यंत्रे बनवण्याचा प्रयत्न केला त्यांच्यापुढे वॅटचा हक्क आडवा आला. मुदत संपल्यानंतर कॉर्नवॉलच्या खाणींतील अभियंत्यांनी १८११ पासून आपापल्या यंत्रांच्या कामगिरीचे आकडे दरमहा छापून सर्वांसाठी खुले केले. एकाने केलेली सुधारणा दुसरा पाहू लागला, आणि थोड्याच वर्षांत तेवढ्याच कोळशात यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काम करू लागली. ज्या शोधाला पेटंटने जन्मास येण्यास मदत केली असेल, त्याच शोधाची पुढची वाढ पेटंटने रोखून धरली.

दुसरी अडचण मुदत लांबवण्याच्या मोहाची. वीस वर्षे सरत आली की जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागायचे, ही युक्ती औषधांच्या व्यापारात रूढ झाली आहे. तिला तोंड देण्यासाठी भारताने २००५ मध्ये आपल्या कायद्यात कलम ३(ड) घातले. माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप हा शोध मानला जाणार नाही. त्याचा गुण खरोखर वाढला असेल तरच तो शोध, असे ते कलम सांगते. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत नोवार्टिस कंपनीने दाद मागितली, तेव्हा १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे पेटंट नाकारले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळत होते. कंपनीने अनेक गरीब रुग्णांना हे औषध मोफत पुरवले होते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण दान हे न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे प्राण दुसऱ्याच्या औदार्यावर अवलंबून आहेत, तो उपचार मिळूनही मिंधाच राहतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, आणि ‘पेटंटमुळे संशोधन वाढते’ या विधानाचा तोकडेपणा तीच दाखवते. पेटंटचे बक्षीस बाजारातून मिळते. म्हणून ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या आजाराकडे संशोधकाचे लक्ष जाते. क्षयरोग हा गरिबांचा रोग. १९६० च्या दशकात रिफाम्पिसिन आले आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे क्षयावर नव्या प्रकारचे औषधच आले नाही. पेटंटचा कायदा या सर्व काळात जगातील श्रीमंत देशांत जागच्या जागी होता. तो कायदा नसल्यामुळे नव्हे, तर खोकणाऱ्याच्या खिशात पैसे नसल्यामुळे शोध लागला नाही. अखेर २०१२ च्या डिसेंबरात बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतात त्याच्या मूळ पेटंटची मुदत २०२३ मध्ये संपत होती. ती आणखी चार वर्षे लांबवू पाहणारा अर्ज मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुण स्त्रिया होत्या, एक भारतातील आणि एक दक्षिण आफ्रिकेतील. जुन्या, विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून नेली होती. आपले कान परत येणार नाहीत हे ठाऊक असूनही दुसऱ्यांचे वाचावेत म्हणून त्या लढल्या. शेजारधर्माचा याहून सुंदर धडा दुसरा कोणता असेल?

भारताचा अनुभव

आपल्या देशाने या प्रश्नाचा प्रत्यक्ष प्रयोगच केला आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले की भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील बहुसंख्य पेटंटांचा येथे वापरच होत नव्हता. म्हणजे शोध येथे आणायचा नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचा नाही. याला कुंपण म्हणण्यापेक्षा पडीक जमिनीवरचा कब्जा म्हणणे अधिक योग्य.

१९७० च्या कायद्याने ही स्थिती बदलली. अन्न आणि औषधे यांच्याबाबत पदार्थावर पेटंट मिळणार नाही, केवळ तो तयार करण्याच्या पद्धतीवर आणि तेही अल्प मुदतीचे मिळेल, असे ठरले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि हैदराबादची तिची भगिनी संस्था येथील शास्त्रज्ञांनी नव्या पद्धती शोधल्या आणि स्वदेशी कारखाने उभे राहिले. २००१ साली एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या भावाने दहा हजार डॉलरांहून अधिक होता. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरांत देऊ केला. आफ्रिकेतील लक्षावधी जीव ज्या स्वस्त औषधांनी वाचले, त्यांचा मार्ग येथून खुला झाला.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या पस्तीस वर्षांत आपण पद्धती पुष्कळ शोधल्या, परंतु सर्वस्वी नवी औषधे फार थोडी शोधली. दुसऱ्याने खणलेल्या विहिरीतून चांगला रहाट लावून पाणी काढणे आपण शिकलो. नवी विहीर खणण्याचे कष्ट बहुधा इतरांनीच घेतले. २००५ पासून औषधांवरही पूर्ण पेटंट देणे आपल्यावर बंधनकारक झाले. मात्र कायद्याने विहिरीची वाट राखून ठेवली आहे. मार्च २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हार या औषधाबाबत भारताने प्रथमच सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये लागणारे ते औषध ८,८०० रुपयांत उपलब्ध झाले, आणि मूळ कंपनीला विक्रीवर स्वामित्वधनही देण्यात आले. मालकी नाकारली नाही. वाट मोकळी केली.

आणि कुंपण घालणारा नेहमी संशोधकच असतो असेही नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर पेटंट देण्यात आले. कापले की हळद दाबणे हे आपल्याकडे स्वयंपाकघरातील पोरासही ठाऊक. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध पुरावा म्हणून मांडला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय आनंदाचा होता, पण त्यातला धडा बोचरा होता. जे ज्ञान आपण लिहून ठेवत नाही, ते आपले आहे हे सिद्ध करणे कठीण जाते.

ख्रिस्तसभेची शिकवण

आता मूळ प्रश्नाकडे श्रद्धेच्या प्रकाशात पाहू. खासगी मालमत्तेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका अनेकांना अर्धीच ठाऊक असते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तूची निगा राखणे आणि तिची व्यवस्था पाहणे यासाठी मालकी असणे योग्य आहे. कारण आपली वस्तू माणूस अधिक काळजीने सांभाळतो, कामात गोंधळ होत नाही आणि भांडणे टळतात. पण तिचा उपभोग घेताना मात्र ती केवळ आपली आहे असे त्याने समजू नये. गरजवंताला ती सहज देण्याची त्याची तयारी असावी. पराकोटीची निकड असेल तर जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे घेणे ही चोरीच ठरत नाही, इथपर्यंत त्यांनी म्हटले आहे. मालकी हा माणसाने बुद्धीने केलेला बंदोबस्त आहे. सृष्टी सर्वांसाठी आहे हा देवाचा मूळ संकल्प आहे. बंदोबस्ताने संकल्पाची सेवा करावी, त्याच्यावर स्वार होऊ नये.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात दाखवून दिले की आपल्या काळात जमिनीइतकीच महत्त्वाची एक नवी मालकी उदयास आली आहे, ती ज्ञानाची, तंत्राची आणि कौशल्याची. आणि बहुसंख्य गरीब माणसे तिच्या परिघाबाहेर राहिली आहेत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये, बौद्धिक संपदेचा हक्क, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, श्रीमंत देश अवाजवी ताठरपणे राबवतात, अशी स्पष्ट टीका केली. करोनाच्या काळात भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये लसी आणि औषधांवरील हे हक्क तात्पुरते स्थगित करावेत अशी मागणी केली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनीही २०२१ मध्ये तशा स्थगितीला पाठिंबा दिला. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने जो निर्णय घेतला तो केवळ लसींपुरता आणि मर्यादित होता. आणि तोपर्यंत अनेक कबरी बुजल्या होत्या.

जमीन आणि ज्ञान यांत एक मूलभूत भेद आहे. माझ्या वाडीचा अर्धा भाग तुम्हांला दिला तर माझ्याकडे अर्धाच उरतो. ज्ञान दिल्याने घटत नाही. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आपण हे दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. अंधाऱ्या चर्चमध्ये एक पास्काची मेणबत्ती येते, तिच्यावरून एक, त्या एकीवरून दुसरी, असे करत शेवटच्या बाकापर्यंत उजेड पोहोचतो, आणि मूळ ज्योत तसूभरही लहान होत नाही. ज्ञानाचा स्वभाव असा ज्योतीसारखा आहे. त्याला कुंपण घालणे हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणून ते घालायचेच असेल तर त्यासाठी सबळ कारण हवे आणि ते काढण्याची तारीख आधीच ठरलेली हवी.

निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाच्या एका कारागिराची हकीकत आहे. निवासमंडपाचे काम करण्यासाठी देवाने त्याला नावाने बोलावले आणि कौशल्य, बुद्धी व ज्ञान यांसाठी त्याला आपल्या आत्म्याने भरले. युद्ध किंवा राज्यकारभार नव्हे, तर सोन्यारुप्याची, लाकडाची, रत्नांची कलाकुसर, आणि तिच्यासाठी पवित्र आत्म्याचे दान! शोधक बुद्धीचा याहून मोठा सन्मान कुठे सापडणार? पण पुढे एक वाक्य आहे, ते सहसा वाचनात निसटते. देवाने बसालेल आणि त्याचा सोबती अहलियाब यांच्या मनात इतरांना शिकवण्याची बुद्धीही घातली. कौशल्य हे दान आहे आणि शिकवणे हा त्या दानाचाच भाग आहे. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही.

आपण काय करावे?

यावरून माझ्या मते असा निष्कर्ष निघतो. संशोधकाला मोबदला मिळणे न्याय्य आहे आणि पेटंट हा त्याचा एक मार्ग आहे. परंतु तो हक्क तीन कसोट्यांना उतरला पाहिजे. शोध खरोखर नवा असावा, जुन्याला दिलेला मुलामा नसावा. त्याचा वापर व्हावा, नुसता अडवून ठेवलेला नसावा. आणि जिथे माणसाचा जीव पणाला लागला आहे, तिथे त्या हक्काने वाट द्यावी. ज्या रोगांच्या औषधांना श्रीमंत गिऱ्हाईक नाही, त्यांच्यासाठी पेटंटच्या आमिषावर विसंबून चालणार नाही. तेथे सरकारने, विद्यापीठांनी आणि धर्मादाय संस्थांनी संशोधनाचा खर्च उचलला पाहिजे.

हे सर्व दिल्ली-जिनीव्हातील थोरामोठ्यांचे काम आहे, असे म्हणून आपण हात झटकू नयेत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी आज प्रयोगशाळांत, औषधांच्या कारखान्यांत, रुग्णालयांत काम करीत आहेत. त्यांनी आपल्या कामाकडे बसालेलच्या दृष्टीने पाहावे. डॉक्टरांना आणि दुकानदारांना, याच गुणाचे स्वस्त, मूळ नावाचे औषध आहे का, असे विचारण्यास कुणी संकोच करू नये; जनौषधी केंद्रे त्यासाठीच आहेत. घरातील जाणत्या माणसांकडे जी बियाणी, जे काढे, ज्या रीती आहेत, त्या नावानिशी लिहून काढणे हे तरुण मंडळांना सहज जमण्यासारखे काम आहे. शेतकऱ्यांनी हेही जाणून असावे की २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतातील बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क त्यांच्याकडे शाबूत ठेवला आहे; संरक्षित वाणाचे बियाणे कंपनीच्या नावाने विकता येत नाही, एवढेच बंधन.

आणि एक आरसा आपल्याकडेही वळवू या. कंपन्यांच्या लोभावर बोलताना आपला आवाज चढतो. पण आपल्याच गावच्या गीतकाराचे भक्तिगीत त्याचे नाव न घेता छापताना, गायकवृंदाची ध्वनिमुद्रिका न विचारता उतरवून घेताना, कुणाचा लेख आपला म्हणून स्मरणिकेत देताना आपल्याला फारसे वाईट वाटत नाही. आजाऱ्यासाठी औषध मागणे आणि कलावंताच्या मेहनतीवर फुकट हात मारणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिलीत गरज बोलते, दुसरीत आळस. सातवी आज्ञा दोघांनाही बांधते, कुंपण वाटेवर घालणाऱ्याला आणि कुंपण ओलांडून घड तोडणाऱ्यालाही.

रानात इस्राएलाला मान्ना मिळाला तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचे अधिक उरले नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडले नाही. उद्यासाठी दडवून ठेवलेल्याला मात्र किडे पडले. बुद्धी हाही वरून मिळालेला मान्नाच आहे. गोळा करणाऱ्याच्या कष्टाचा मान राखून तो सर्वांच्या ताटात कसा पोहोचेल, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.